स्कझी स्कॅनर लिनक्सवर ‘मेले’ म्हणणाऱ्यांसाठी

जुन्या स्कॅनरचा विषय निघाला की एक सल्ला हमखास फिरतो: लिनक्सच्या कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) स्कझी (एससीएसआय, जुन्या प्रकारची जोडणी) स्कॅनरचा सपोर्ट काढलाय, यादीत स्कॅनर दिसत नाही म्हणजे तो बिघडलाय, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) झाल्याशिवाय काही चालत नाही, तेव्हा भंगारात द्या. एचपीचा स्कॅनजेट ६१००सी समोर ठेवून हे मुद्दे तपासू.

‘कर्नलने सपोर्ट काढला.’ मुळात या स्कॅनरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतोच. कर्नलकडून दोनच गोष्टी लागतात: स्कॅनर ज्याला जोडतात त्या स्कझी कार्डाचा ड्रायव्हर (अडॅप्टेक २९४० असेल तर एआयसी७एक्सएक्सएक्स) आणि कमांड जशाच्या तशा पुढे ढकलणारं एसजी मॉड्यूल. स्कॅनरशी बोलतो तो ‘सेन’ या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरचा एचपी बॅकएंड, म्हणजे एचपीच्या स्कॅनरसाठीचा भाग. एसजी लोड नसेल तर मॉडप्रोबने करा आणि ‘एलएसस्कझी -जी’ चालवा; जोडलेल्या स्कझी उपकरणांची यादी दिसेल.

‘यादीत स्कॅनर नाही.’ यादी नीट वाचा. ६१००सी स्वतःला ‘स्कॅनर’ म्हणवतच नाही. तो प्रकार ३, म्हणजे ‘प्रोसेसर’ म्हणून दिसतो आणि मॉडेलच्या जागी सी२५२०ए लिहिलेलं असतं. ती ओळ असेल तर स्कॅनर सापडला. स्कॅनर मशीननंतर चालू केला असेल तर होस्टच्या (म्हणजे कार्डाच्या) ‘स्कॅन’ फाइलमध्ये ‘- - -’ लिहून स्कझी बस, म्हणजे सगळी उपकरणं जोडलेली सामाईक तार, पुन्हा तपासायला लावा.

ओळच नसेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी केबलकडे वळा, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. टर्मिनेटर (टोकाला सिग्नल मागे परतू न देणारा भाग) बसच्या दोन टोकांना हवा, मध्ये कुठेही नको. कार्डाला फक्त बाहेरून स्कॅनर जोडलाय? मग कार्डाचं टर्मिनेशन चालू आणि स्कॅनर शेवटचा असेल तर त्याचंही चालू. कार्डाच्या आत डिस्क आणि बाहेर स्कॅनर असेल तर कार्ड मध्ये येतं, तेव्हा त्याचं बंद. ६८ पिनांच्या पोर्टला ५० पिनांचा स्कॅनर लावताना अडॅप्टर असा हवा की जो वरच्या ८ डेटा तारा आणि त्यांची पॅरिटी टर्मिनेट करेल. स्वस्त अडॅप्टर त्या तशाच उघड्या सोडतात. बसवर प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक, म्हणजे आयडी लागतो; आयडी ७ बहुधा कार्डाचा असतो, स्कॅनरला ० ते ६ मधला मोकळा द्या. आणि २५ पिनांची स्कझी केबल पॅरलल पोर्टात चपखल बसते, पण बसवू नका; दोन्हीकडचं हार्डवेअर जळू शकतं.

‘रूटच व्हावं लागतं.’ सेनची ‘स्कॅनइमेज -एल’ ही कमांड रूटला स्कॅनर दाखवते आणि तुम्हाला नाही, तर प्रश्न फक्त परवानगीचा आहे. एसजी नोडचा (स्कॅनरच्या उपकरण-फाइलचा) ग्रुप ‘स्कॅनर’ करणारा युडेव्ह नियम (अशा फाइलींच्या परवानग्या ठरवणारा) लिहा आणि स्वतःला त्या ग्रुपात घाला. नियमात फक्त प्रकार ६ (‘स्कॅनर’) धरला असेल तर आपला ‘प्रोसेसर’ सुटतो. प्रकार ३ आणि व्हेंडर एचपी अशी जोडी द्या. नुसता प्रकार ३ नको. फ्रीबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमवर पास नोडसोबत (तिथली स्कॅनरची उपकरण-फाइल) एक्सपीटी० वरही परवानगी लागते. अनेक जण दुसरी विसरतात.

‘सापडला तरी स्कॅन मध्येच तुटतो.’ हे खरंच घडतं. ‘डिव्हाइस आय/ओ’ची एरर आली तर एचपी.कॉन्फ फाइलमधली ‘ऑप्शन डम्ब-रीड’ ही ओळ चालू करा. तरीही अडलं तर सेन_एसजी_बफरसाइज हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १३१०७२ वरून ३२७६८ वर आणून पाहा. अडॅप्टेक कार्डावर बूट होताना कंट्रोल-ए दाबून स्कॅनरच्या आयडीचं सिंक निगोशिएशन (जास्त वेग ठरवण्याची बोलणी) बंद करता येतं. स्कॅनरला तो वेग तसाही लागत नाही.

‘भंगारात द्या’ या सल्ल्यात एवढंच खरं: स्कॅनरसोबत फुकट आलेली आयएसए (जुन्या प्रकारच्या स्लॉटची) कार्डं आज निरुपयोगी आहेत, कारण तो स्लॉटच उरला नाही. पीसीआय एक्सप्रेसवर अडॅप्टेक २९३२०एलपीई मिळालं तर उत्तम. नाहीतर पीसीआय स्लॉट असलेलं जुनं मशीन स्कॅनरशेजारी ठेवा, त्यावर सेनडी (स्कॅनर नेटवर्कवरून वापरू देणारा सेनचा प्रोग्राम) चालवा, रोजच्या मशीनवर सेनच्या नेट.कॉन्फमध्ये त्याचा पत्ता घाला आणि फायरवॉलमध्ये पोर्ट ६५६६ उघडा.