बंदी जाळीवर आली, ऑपरेशनवर नाही

मावशीचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय योनीतून खाली उतरतं. त्यावरच्या ऑपरेशनची तारीख तिने परस्पर रद्द केली. का, विचारलं तर तिने फोनच पुढे केला. "अंग बाहेर येणाऱ्या भगिनींनो, सावधान!" प्रत्येक ओळीआधी लाल त्रिकोण. मेसेजचं म्हणणं असं: हे ऑपरेशन म्हणजे आत प्लास्टिकची जाळी, आणि त्यावर अमेरिकेने 2019 मध्येच बंदी घातली आहे. जिला जाळी बसवली असेल तिने ती ताबडतोब काढावी, नाहीतर कॅन्सर. डॉक्टरांना गर्भपिशवी काढण्यापलीकडे काही येत नाही. अंग वर धरायला योनीत रिंग बसवली की आत सडतं. आणि शेवटी रामबाण: तुरटीची पुरचुंडी रात्रभर आत ठेवा, 21 दिवसांत अंग आपोआप वर जातं.

तुरटीपासूनच सुरुवात करते, कारण मावशीच्या बाथरूममध्ये मलमलच्या चिंधीत बांधलेला खडा मला सापडला. ओढून काढता यावा म्हणून त्याला दोराही बांधलेला.

तुरटीने कातडी आकसते, हे खरं. पण अंग खाली येतं ते कातडी सैल पडली म्हणून नव्हे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, शिवाय गर्भाशय, मूत्राशय, गुदाशय यांना जागेवर धरणारे बंध असतात. बाळंतपणात हे ताणले जातात, काही वेळा फाटतात. पुढे वय, पाळी जाणं, जुना खोकला, संडासला रोज कुंथणं यांची भर पडते. त्या खोलवरच्या बंधापर्यंत खडा पोचणार कसा? पाळी गेल्यावर योनीची त्वचा आधीच पातळ आणि कोरडी झालेली असते. तिथे रात्रभर तुरटी ठेवली की ती सोलवटते, जखम होते, जंतू शिरतात. मावशीला तीन रात्री चुरचुरत होतं. तिने सहन केलं, कारण मेसेजमध्ये लिहिलं होतं की चुरचुरणं म्हणजे गुण येतोय! हे लिहिणाऱ्याला काय म्हणावं? आता ती जखम भरेपर्यंत ऑपरेशन तसंही होणार नाही. तोवर लघवी पुरती होत नाही, ती आत साचते, हा त्रास चालूच. अंग फार खाली आलेलं असताना तसंच वर्षानुवर्षं काढलं तर मूत्रपिंडांवरही ताण येऊ शकतो.

आता जाळी. इथे मेसेज अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 16 एप्रिल 2019 रोजी, खाली आलेलं अंग दुरुस्त करण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री थांबवायला लावली. ती सुरक्षित आणि उपयोगी असल्याची पुरेशी खात्री कंपन्यांना देता आली नव्हती. बायकांचे हाल झाले होते: जाळी त्वचेतून वर येणं, न थांबणारी कळ, संबंधांच्या वेळी दुखणं. ब्रिटनच्या 2020 च्या चौकशी अहवालाने तर बायकांच्या तक्रारी कानाआड केल्या गेल्या, हेही नोंदवलं.

पण आदेश त्या एका वापरापुरता होता. पोटातून, बहुधा दुर्बिणीने, योनीचा वरचा भाग कण्याच्या खालच्या हाडाला जाळीने बांधतात, ते त्यात नव्हतं. खोकताना लघवी निसटते त्यासाठीची पट्टीही नव्हती. शिवाय पुष्कळ ऑपरेशनांत जाळी लागतच नाही. बाईच्याच बंधांना आणि ऊतींना टाके घालून आधार देतात. मावशीची फाइल उघडली. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: योनीमार्गे दुरुस्ती, जाळी नाही. जी वस्तू तिला घालणारच नव्हते, तिच्या भीतीने तारीख गेली.

"ताबडतोब काढा" याचं उत्तरही एफडीएने तेव्हाच दिलंय: त्रास नसेल, समाधान असेल, तर नेहमीच्या तपासण्यांपलीकडे काही करायची गरज नाही. जाळी ऊतींमध्ये रुजते. ती काढणं हेच अवघड ऑपरेशन, आणि दरवेळी ती पूर्ण निघतेच असं नाही. कॅन्सरला आधार काहीच नाही.

पिशवी काढण्यापलीकडे काही येत नाही म्हणे! स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शिरोडकर, डॉ. पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी ऑपरेशनं पिशवी राखूनच वर बांधण्याची आहेत. उलट नुसती पिशवी काढून योनीचा वरचा भाग नीट बांधला नाही, तर तोच खाली येऊ शकतो. नंतर पुन्हा अंग उतरण्याची शक्यता कुठल्याच ऑपरेशनमध्ये शून्य नसते. ते आधी विचारून घ्यावं. त्रास कमी असेल तर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, किंवा नुसतं लक्ष ठेवणं, एवढंही चालतं.

राहिली रिंग. बहुधा सिलिकॉनची असते, काढून धुऊन पुन्हा बसवता येते. अनेकजणी तिच्यावर वर्षं काढतात. सडतं ते बसवून विसरल्यावर: आत घासून जखम होते, घाण वास येतो, रक्त जातं. मावशीला हा मेसेज पाठवणाऱ्या बाईंनी स्वतःची रिंग चार वर्षांत एकदाही तपासून घेतलेली नाही, हे काल बोलण्याबोलण्यात निघालं. गुरुवारी डॉक्टरांकडे जाताना मावशी त्यांनाही बरोबर नेणार आहे.