वापर सुरू, तरी ‘गो-लाइव्ह’ नाही

आमच्या लहानशा कंपनीने एका सरकारी कार्यालयासाठी तयार केलेली संगणक प्रणाली गेले अकरा महिने रोज वापरली जात आहे, तिच्यावर अर्ज स्वीकारले जात आहेत, तिच्यातून निघालेले दाखले लोक घरी नेत आहेत, आणि तरीही कागदोपत्री ती अजून ‘गो-लाइव्ह’, म्हणजे अधिकृतपणे सुरू, झालेली नाही. कामाच्या किमतीपैकी चाळीस टक्के रक्कम गो-लाइव्हनंतर मिळायची असल्यामुळे मी परवा पुन्हा विचारायला गेलो. ज्या टेबलावर आमचीच प्रणाली उघडी होती, त्याच टेबलामागून मला सांगण्यात आले, “अजून यूएटी बाकी आहे ना तुमची.”

यूएटी म्हणजे यूजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग, अर्थात वापरणाऱ्याने तपासून काम स्वीकारणे. जवळपास दोनशे पानांच्या निविदेत हा शब्द जागोजागी येतो, पण वापरणारा म्हणजे नेमका कोण, त्याने काम कशाशी ताडून पाहायचे, किती दिवसांत पाहायचे आणि शेवटी सही कोणी करायची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. व्याख्यांचे स्वतंत्र प्रकरण मात्र आहे, आणि त्यात ‘बोलीदार’ आणि ‘दिवस’ या शब्दांचे अर्थ सविस्तर दिलेले आहेत. ज्या साहेबांनी पहिल्या फेरीत सगळे तपासून तोंडी समाधान व्यक्त केले होते त्यांची बदली झाली. नव्या साहेबांचे म्हणणे असे, की आपण आल्यापासून आपल्याला काही दाखवलेच गेलेले नाही. दाखवले, तर त्यांनी तीन नवे अहवाल मागितले. हे अहवाल कामाच्या व्याप्तीत नाहीत असे म्हणायची सोय नाही, कारण व्याप्तीच्या कलमाच्या शेवटी ‘यांचा समावेश असेल, परंतु काम एवढ्यापुरतेच मर्यादित राहणार नाही’ असे वाक्य आहे. या एका वाक्याने आधीची चाळीस पाने निरर्थक होतात, आणि त्याच चाळीस पानांवर विसंबून आम्ही दर भरलेला असतो.

संताप याचा येतो, की नेमकेपणा या लोकांना जमत नाही असे मुळीच नाही. आमच्याकडून उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल दहा टक्के कपात, हे असे लिहिले आहे की शाळकरी पोरालाही हिशेब करता यावा. त्यांच्या बाजूचे कलम आले की तीच लेखणी अचानक ‘वाजवी कालावधीत’, ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या समाधानानंतर’ असे लिहू लागते. निविदापूर्व बैठकीत मी लेखी विचारले होते, की यूएटीसाठी कमाल मुदत किती? शुद्धिपत्रकात उत्तर आले, ‘निविदेतील अटींप्रमाणे’.

शासनाने खुर्च्या विकत घेतल्या असत्या, तर हा प्रश्न एवढा चिघळला नसता. सरकारी खरेदीसाठी २०१६ साली सुरू झालेल्या जेम पोर्टलवर माल पोहोचला की सीआरएसी नावाचे स्वीकृती प्रमाणपत्र निघते आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे देणे अपेक्षित असते. तिथेही रखडपट्टी होते, हे मान्य. पण निदान खुर्ची आली की नाही, यावर वाद होत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र अकरा महिने त्यावर बसूनही ती खुर्ची अजून यायची आहे असे म्हणता येते.

कायदा नाही, असेही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाच्या दुसऱ्याच कलमात ‘मानीव स्वीकृती’ची व्याख्या आहे: सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानायचा. कलम १५ नुसार तिथून ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, आणि थकवले तर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कार्यालयाची आमच्या कामावर एकही लेखी हरकत नाही. सगळे फोनवर, आणि ते का, हे आता मला नीट कळले आहे. थकलेल्या पैशांसाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, हेही ठाऊक आहे. पण पुढच्या निविदेसाठी याच कार्यालयाचे काम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागणार आहे, आणि ज्याच्यावर तक्रार केली त्याच्याकडेच ते मागायला कोणत्या तोंडाने जायचे?

सर्वांत मोठी मेख देखभालीच्या कलमात आहे. तीन वर्षांची देखभाल गो-लाइव्हच्या तारखेपासून मोजायची आहे. म्हणजे या अकरा महिन्यांत सर्व्हर बंद पडला म्हणून रात्री अकरा वाजता आमच्या मुलांनी जे काम केले, ते त्या तीन वर्षांत धरलेच जाणार नाही. कामाची हमी म्हणून आम्ही दिलेली बँक गॅरंटीही सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यानंतर आणखी साठ दिवस जिवंत ठेवायची असल्यामुळे तिच्यापोटी बँकेत अडकवलेली मुदत ठेव सुटत नाही, आणि पगाराला मात्र ‘मानीव’ असे काही नसते.

काल त्या कार्यालयाचे पत्र आले. मला क्षणभर वाटले, सही झाली असावी. प्रकल्प अद्याप गो-लाइव्ह न झाल्यामुळे बँक गॅरंटीची मुदत एक वर्षाने वाढवून द्यावी, असे त्यात लिहिले होते, आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात प्रणालीवरून जारी झालेल्या दाखल्यांची गेल्या दहा महिन्यांची महिनावार संख्या सात दिवसांत कळवण्यास सांगितले होते.