मोठं वादळ झालं म्हणून नाव बाद होत नाही

पावसाळा तोंडावर आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: 'चक्रीवादळांची नावं अमेरिकेचं हवामान खातं ठरवतं, तीही मुद्दाम बायकांची. सगळ्यात ताकदवान वादळाचं नाव मग सन्मानाने निवृत्त करतात. आपल्या निसर्ग वादळालाही हाच नियम.' तिन्ही वाक्यं कुठे ना कुठे लंगडी आहेत.

अटलांटिकमधल्या वादळाला नाव लावायचं काम मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर करतं, एवढं खरं. पण वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरला पोचला की ते यादीतलं पुढचं नाव उचलतं, बस. याद्या जागतिक हवामान संघटनेच्या समितीच्या आहेत आणि त्या समितीत मेक्सिको, क्युबा, जमैकाही बसतात. २१ नावांच्या सहा याद्या आळीपाळीने येतात, म्हणजे २०२४ ची यादी पुन्हा २०३० मध्ये. तीच चाळून बघा: अल्बर्टो, बेरिल, ख्रिस, डेबी, एर्नेस्टो, फ्रान्सीन. एक पुरुष, एक बाई.

फक्त बायकांची नावं होती ती १९५३ ते १९७८. पुढच्याच वर्षी आलेल्या डेव्हिड आणि फ्रेडरिक यांनी इतका विध्वंस केला की दोन्ही नावं यादीतून काढावी लागली. फॉरवर्ड लिहिणारा तिथेच अडकलेला दिसतो.

खरा घोळ निवृत्तीचा आहे. २००५ चं एमिली पाचव्या श्रेणीचं, म्हणजे सर्वोच्च. नाव आजही यादीत आहे. उलट २००१ चं ॲलिसन कधी हरिकेन, म्हणजे पूर्ण ताकदीचं चक्रीवादळ, झालंच नाही. नुसत्या पावसाने त्याने ह्यूस्टन बुडवलं आणि नाव गेलं. पॅसिफिकमधलं डोरा तर २०२३ मध्ये हवाई बेटांच्या शेकडो किलोमीटर दक्षिणेकडून निघून गेलं. त्याच दिवसांत माउईवरचं लाहायना गाव जळालं, आग भडकवणाऱ्या वाऱ्यांशी डोराचं नाव जोडलं गेलं आणि तेही यादीतून काढलं.

यात सन्मान कसला? ज्या नावाने माणसं गेली, ते सहा वर्षांनी पुन्हा बातम्यांत येऊ नये आणि इशारे देताना घोळ होऊ नये, म्हणून ते काढतात. समिती दर वसंतात बसते, झळ लागलेल्या देशाची मागणी आली की निर्णय घेते आणि त्याच अक्षराचं नवं नाव भरते. बेरिल, हेलेन, मिल्टन गेली. ब्रियाना, हॉली, मिगेल आली. मात्र १९९४ च्या गॉर्डनने हैतीत हजारावर बळी घेतले, तरी गॉर्डन यादीत राहिलं आणि २०२४ मध्ये पुन्हा वापरलंही गेलं. म्हणजे निकष नुसत्या बळींच्या आकड्याचाही नाही. मला हे बोचतं.

राहिलं निसर्ग. ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकून श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या करणाऱ्या या वादळाचं नाव बांगलादेशाने सुचवलेलं. लावलं भारतीय हवामान खात्याच्या दिल्लीतल्या केंद्राने. इथे, म्हणजे उत्तर हिंदी महासागरात, १३ देशांनी प्रत्येकी १३, अशी १६९ नावं दिली आहेत. वादळ कितीही किरकोळ असो, नाव एकदाच वापरायचं, त्यामुळे निवृत्तीचा प्रश्नच येत नाही. बांगलादेशाचं दुसरं नाव, बिपरजॉय, २०२३ मध्ये वापरून झालं. तेही परत यायचं नाही.