नोंद आहे, पण धड आहे का?

स्कूल व्हॅनच्या ड्रायव्हरचा चारित्र्य पडताळणी दाखला फाईलला लागला की सगळे निर्धास्त! पण तो दाखला ज्या नोंदींवर उभा आहे, त्या कोण तपासतं?

लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस २० सप्टेंबर २०१८ ला सुरू झाला, तोच मुळी सुमारे ४.४ लाख नोंदी घेऊन. तो फक्त पोलिसांना दिसतो. बरोबरच आहे, यादी चव्हाट्यावर आणली की पीडित मुलीचीही ओळख फुटते, कारण आरोपी बऱ्याचदा घरातला किंवा शेजारचाच असतो. पण मग ती अचूक ठेवायची जबाबदारी पोलिसांचीच ना?

माहिती येते सीसीटीएनएसमधून, म्हणजे देशभरातली पोलीस ठाणी जोडणाऱ्या संगणक प्रणालीतून; म्हणजे ठाण्यात टाइप होईल तीच. खटल्याच्या निकालाचा फॉर्म वेगळा, अपिलाचा वेगळा. पहिला भरायचा राहिला तर दोषी माणूस कागदावर नुसता आरोपी. दुसरा राहिला तर अपिलात सुटलेला कायमचा दोषी. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोर आहे. आता तरी निकाल लागला की आठवड्यात नोंद बदला!

आणि नावं! चौगुले आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी होतं. नुसत्या नावावर शोधलं तर खरा निसटतो, नामसाधर्म्यवाला अडकतो. बोटांचे ठसे जुळवा, त्यासाठी नाफिस ही ठशांची राष्ट्रीय प्रणाली आहे की. कागल ओलांडलं की निपाणी, म्हणजे कर्नाटक, राज्य बदललं. ड्रायव्हरचा तिथला जुना पत्ता असेल तर तिथल्या ठाण्यालाही विचारा, नुसता आत्ताचा पत्ता बघून शिक्का मारू नका.