डीजेचं बिल सॅबथच्या नावावर
विसर्जन झालं की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डीजेचा वाद पेटतो. यंदा भोसरीच्या दादानं थेट निकालच दिला: “हे सगळं हेवी मेटलचं खूळ. पाश्चात्त्यांकडून आलेलं. आपल्या ढोल-ताशात असली विकृती नव्हती.” खाली अंगठ्यांची रांग.

मी राहतो इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे त्या खुळाच्या माहेरी: हेवी मेटल, जड गिटारींचं ते रॉक संगीत, इथलंच. त्यामुळे गप्प बसवेना.

मुळात डीजेच्या त्या स्पीकरच्या भिंतींवर वाजतं काय? कोळीगीतांचे रीमिक्स, हिंदी सिनेमातली गाणी. ट्रॉलीवर गिटार कधी ऐकलीये कुणी? खूळ आपलंच आहे, बिल तेवढं परक्याच्या नावावर फाडायचं.

दादाला म्हटलं, ब्लॅक सॅबथ या इथल्या मेटल बँडचा पहिला अल्बम एकदा ऐक. १३ फेब्रुवारी १९७०ला आला, शुक्रवारी. रेकॉर्डिंग एका दिवसात उरकलेलं. सुरुवातीला नुसता पाऊस, लांबवर घंटा. मग टोनी आयॉमीची गिटार: षड्ज, तार षड्ज आणि खाली येऊन तीव्र मध्यम. पंचमाचा पत्ताच नाही. संध्याकाळी मारवा लावून गंभीर होणाऱ्यांना त्या तीन सुरांतली बेचैनी कळायला काय हरकत आहे? आणि लय इतकी संथ, की नाचायला उठलेला माणूस परत खाली बसेल.

हा आयॉमी सतरा वर्षांचा असताना इथल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशिननं उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात गेला. त्यानं भांड्यांच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या. १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा सैलही केल्या, आणि तो जडशीळ आवाज पुढे सगळ्या मेटलनं उचलला.

आता सांगा, हे भोसरीला परकं कसं? आमचे बाबा एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होते. बोटं गेलेले काका आमच्याकडे चहाला यायचे. आम्ही पोरं आधी त्यांच्या हाताकडे बघायचो आणि आईनं डोळे वटारले की बशीकडे. दादाही होता तिथे. त्या प्रेसच्या धडधडीतून आपण कुठलं गाणं काढलं?

नियमांचंही तेच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा, कोर्टांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र आलं. मुंबईच्या मेटलवाल्यांचं हक्काचं खुलं नाट्यगृह, धोबीतलावचं रंगभवन, त्यातच बंद पडलं. हळहळले बिचारे, पण गेले दुसरीकडे. मिरवणुकीपुढे मात्र तोच नियम हात जोडून उभा. इथे रात्री आवाज झाला की शेजारी काउन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, कळवतो आणि विषय संपतो. (२०२५मध्ये कचरा उचलणाऱ्यांच्या संपानं रस्त्यात काळ्या पिशव्यांचे ढीग लागले होते आणि त्याच काउन्सिलला काही सुचत नव्हतं, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

आणखीही काही लिहिलं नाही. ३० जुलै २०२५ला सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्नची अंत्ययात्रा इथल्या ब्रॉड स्ट्रीटवरून गेली तेव्हा मी ऑफिसातून निसटून गर्दीत उभा होतो. पुढे ब्रास बँड, आजूबाजूला अ‍ॅस्टनचे, म्हणजे ऑझी वाढला त्या भागातले, म्हातारे काळ्या टीशर्टात रडत होते. त्यांच्या गल्लीतला पोरगा गेला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, तुम्ही कुठून आलात? मी राहत्या भागाचं नाव सांगितलं. ती हसून म्हणाली, नाही, मूळचे कुठले? तेव्हा कुठे पुणे म्हणालो. भोसरी तिला काय सांगणार.

तरी दादाशी भांडताना मी ‘आमचं बर्मिंगहॅम’ असं बिनदिक्कत ठोकून दिलं. या गावाच्या कारखान्यांशी माझा काय संबंध? मी स्प्रेडशीटवाला. बाबांच्या प्रेसपासून लांब जावं म्हणूनच तर शिकवलं मला. आणि इथला आमचा गणपती भाड्याच्या हॉलमध्ये असतो. ढोल ब्लूटूथ स्पीकरवर, नऊला चावी परत. तिथे टाळ्या वाजवताना दरवर्षी भोसरीतली ती ट्रॉली आठवते, छातीत धडधड उठवणारी. तिच्यापुढे सगळ्यात जास्त मीच नाचायचो.

दादाचं उत्तर काल आलं: “पहिलं गाणं ऐकलं. वाईट नाही. पण तू चतुर्थीला येणार होतास, त्याचं काय झालं?” अजून काही लिहिलेलं नाही. तिकिटं महाग होती असं लिहायचं, तर ती दादानंच बघून पाठवली होती.