एमबीएवाले गावात जाऊन फोटोच काढतात का?

एमबीएच्या मुलांच्या, आणि आता त्यांच्या पालकांच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. सारांश असा : बिझनेस स्कूलची सोशल इंटर्नशिप, म्हणजे मुलांनी काही आठवडे गावात एखाद्या सामाजिक संस्थेबरोबर काम करणं, हे सरकारी सक्तीतून आलेलं खूळ आहे. त्यात धंद्याचं काही शिकायला मिळत नाही, संस्थांना फुकटचा मजूर मिळतो, मुलांना गावातले फोटो मिळतात आणि नोकरी देणारे त्याबद्दल विचारतही नाहीत.

पहिला मुद्दा उरकून टाकू. ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी आणंदची इर्मा १९७९ साली सुरू झाली आणि गावात राहून करायचं फील्डवर्क तिथल्या शिक्षणाचा कणाच आहे. मुंबईत अंधेरीच्या एस. पी. जैन इन्स्टिट्यूटमध्ये ‘डॉक’ हा मुलांना सामाजिक संस्थांमध्ये कामाला पाठवण्याचा उपक्रम १९९० च्या दशकापासून चालतो. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला काही भाग सामाजिक कामावर खर्च करण्याचं कलम कंपनी कायद्यात आलं २०१३ साली, कॉलेजांना गावांशी जोडणारं सरकारचं उन्नत भारत अभियान सुरू झालं २०१४ साली. म्हणजे सक्ती, असलीच तर, मागाहून आली.

‘धंद्याचं काही शिकायला मिळत नाही’ हे मात्र नीट तपासायला हवं. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीची, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या कंपनीची सोयाबीन खरेदी घ्या. २०० क्विंटल माल ४,५०० रुपयांनी घेतला, प्रक्रियावाल्याला ४,६२० ने द्यायचा ठरला. क्विंटलमागे १२० रुपये, म्हणजे २४,००० नफा. वर्गातल्या एक्सेलमध्ये एवढंच दिसतं. आता गोदामात या. माल १४ टक्के ओलाव्याचा आला आहे आणि घेणाऱ्याला १२ टक्केच चालतो. वाळवल्यावर २०० क्विंटलचे साधारण १९५.४५ उरतात. ‘दोनच टक्के तर फरक’ म्हणून २०० मधून थेट ४ क्विंटल वजा करणारे इथेच चुकतात. कोरडा भाग तेवढाच राहतो, त्यामुळे हिशोब २०० × ८६ ÷ ८८ असा करावा लागतो. विक्री झाली ९,०३,००० रुपयांची, खरेदी होती ९,००,००० ची. हातात राहिले ३,०००. शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी हवेत, प्रक्रियावाला देणार २१ दिवसांनी. मधल्या ९ लाखांवर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज होतं सुमारे ७,७६७ रुपये. हमाली, तोलाई, बारदाना अजून धरलेलंच नाही, तरी कंपनी तोट्यात गेली.

खेळतं भांडवल, म्हणजे खरेदी आणि वसुली यांच्या मध्ये अडकणारा पैसा, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? अट एकच : खरेदी चालू असताना तिथे असायला हवं. सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास होते आणि मुलं पाठवली जातात मेमध्ये. तेव्हा गोदाम रिकामं असतं, समोर येते फक्त खतावणी. वेळापत्रक कॉलेजच्या सोयीचं ठेवायचं आणि दोष गावाला द्यायचा, हे काही बरोबर नाही.

‘फुकटचा मजूर’ या मुद्द्यात गंमत अशी आहे की खर्च उलट बाजूला पडतो. दोन मुलांची राहायची सोय, कार्यकर्त्याची दुचाकी, गावात ओळख करून देणं, भाषा समजावणं यात पहिला दीड आठवडा संस्थेचाच माणूस अडकतो. मार्चअखेरीला, हिशोब-ऑडिटच्या धांदलीत मुलं आली तर संस्था त्यांना डेटा एन्ट्रीला बसवते, आणि मग ‘आम्हाला राबवलं’ अशी तक्रार येते. राहण्या-जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च कॉलेजने उचलावा, कार्यकर्त्याच्या वेळेचंही काही मानधन द्यावं. हे न देणारी कॉलेजं पुष्कळ आहेत, आणि तेवढ्यापुरती ती पोस्ट खरीच आहे, फक्त फुकट राबणारा माणूस तिने चुकीचा धरला आहे.

फोटोंचा आरोप बऱ्याच ठिकाणी लागू पडतो, हे कबूल करायला हरकत नाही. पण तसं का होतं? कारण जाताना मुलांच्या हातात प्रश्न नसतो. ‘बचत गटाला मार्केटिंग स्ट्रॅटेजी करून द्या’ हा काही प्रश्न नव्हे. त्यातून एक लोगो निघतो, एक इन्स्टाग्राम पेज आणि एक वेबसाइट. वर्षभराने डोमेनचे पैसे भरायला कुणी नसतं, वेबसाइट बंद. नाहीतर ६० प्रश्नांचा सर्व्हे. तो सकाळी ११ ते दुपारी ४ मध्ये करायला जातात, तेव्हा बायका रानात असतात. घरात जो भेटतो तो आधी विचारतो, ‘ही कुठल्या योजनेची नोंदणी?’ योजना मिळेल या आशेने जमीन कमी सांगितली जाते, उत्पन्नही कमी. मग त्या आकड्यांचे रंगीत आलेख निघतात.

प्रश्न असा हवा : ‘आपल्या चकलीच्या किलोमागे मजुरी धरून खर्च किती?’ सहा आठवड्यांचे कामाचे दिवस साधारण ३६. पहिले ५ नुसतं पाहण्यात आणि जुनी वही वाचण्यात घालवावेत. पुढचे १५ मोजमापाला : तेल किती लागलं, गॅस सिलिंडर किती दिवस पुरला, कोण किती तास बसलं. बैठक संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर, गटाच्या सोयीने. त्यानंतर एक पानाचा तक्ता, मराठीत, गटाच्या रोजच्या वहीत बसेल असा. शेवटचे १० दिवस तो तक्ता गटाच्या सचिवताईंनी स्वतः भरायचा, मुलांनी हात लावायचा नाही. रकाने जास्त झाले असतील तर इथेच कळतं. बहुतेक वेळा निम्मे गाळावे लागतात. उरलेले दिवस पावसात, लग्नांत आणि एसटी चुकण्यात जातात, ते आधीच धरून ठेवावेत.

राहिला नोकरीचा मुद्दा. सगळे विचारत नाहीत, खरं आहे. पण ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात, आणि तो खर्च कुठे मुरतो हे ओळखणारा माणूस त्यांना लागतो. ग्रामीण वितरण, सूक्ष्म कर्ज, शेतमाल खरेदी या खात्यांचंही तेच. मुलाखतीत ‘महिला सक्षमीकरणावर काम केलं’ एवढंच सांगणाऱ्याला पुढे काही विचारावंसं वाटत नाही. १४ टक्क्यांचा माल १२ वर आणताना वजन किती घटतं हे सांगणाऱ्याला लगेच पुढचा प्रश्न येतो : मग खरेदीचा भाव किती लावायला हवा होता?