‘माया असली की प्रशिक्षण कशाला?’ या संदेशाला उत्तर

कोल्हापुरातल्या घरगुती आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हरवत जाणारा स्मृतिभ्रंश, हा काही वेगळा आजार नाही, अशा माणसाला सांभाळायला माया आणि थोडा धाक पुरतो, आणि केअरटेकर व नर्स यांना दिले जाणारे खास प्रशिक्षण हा पैसे उकळण्याचा धंदा आहे, असे त्यात ठासून सांगितले असून शेवटी काही सूचना दिल्या आहेत. मी परिचारिकांना शिकवते, त्यामुळे असले संदेश मला नवे नाहीत. परंतु मंगळवार पेठेतल्या, डिमेन्शिया असलेल्या माझ्या आत्याच्या घरी आतेभावाने तो केअरटेकर पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवला, आणि रात्री त्रास देणाऱ्या पेशंटला जेवणातून झोपेचे थेंब द्यावेत ही त्यातली सूचना त्याच रात्री अमलात यायची होती. आता गप्प बसणे मला शक्य नाही.

वयोमानाने विसर पडतोच, हे आजाराचे नाव कशाला, हा पहिला मुद्दा. चहात साखर घातली की नाही याचा विसर कोणालाही पडतो. पन्नास वर्षे केलेल्या चहाचा क्रमच हरवणे, हे मेंदूच्या विकाराचे लक्षण आहे. आपल्या देशातल्या साठीपुढील लोकांपैकी 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिक वृद्धांना तो नाही. तो वयाचाच नियम असता तर असे झाले नसते. रोज दोन चमचे खोबरेल तेलाने स्मृती परत येते, या संदेशातल्या दाव्यालाही कोणताही भक्कम आधार नाही. त्यावर यापेक्षा अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

पेशंट चुकला की दरवेळी खरे काय ते सांगावे, त्याने मेंदूला चालना मिळते, ही सूचना ऐकायला शहाणपणाची वाटते. आजाराच्या सुरुवातीला भिंतीवरचे ठळक कॅलेंडर आणि घड्याळ यांचा उपयोग होतो, इतके मी मान्य करते. पुढच्या टप्प्यात मात्र हेच क्रूर ठरते. आत्याच्या सासरी, गंगावेशीजवळ, म्हशी होत्या. अजूनही दिवेलागणीला ती “धारेची वेळ झाली, मालक वाट बघत असतील,” म्हणत दाराशी जाते. यजमान वारले हे तिला कोणी सांगितले की ती ते पहिल्यांदाच ऐकते आणि तितकीच रडते. सांगितलेले तासाभरात पुसले जाते, पण छातीतले दडपण तिला रात्रभर सोडत नाही. आता मावशी विचारतात, “आत्याबाई, आधी कुठल्या म्हशीची धार काढायची?” आत्या म्हशींची नावे सांगू लागते, बोलता बोलता पायरीवर बसते आणि दाराकडे जाण्याची घाई ओसरते. हे मावशींना मायेने सुचलेले नाही. माया तर त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. हे त्यांना शिकवावे लागले.

सर्वांत घातक भाग म्हणजे “हे लोक मुद्दाम करतात, म्हणून दटावा, ऐकले नाही तर हात पलंगाला बांधा आणि झोपेचे थेंब अन्नात मिसळा” हा. अंघोळीच्या वेळी आत्या किंचाळायची, मावशींना चिमटे काढायची. नीट पाहिले तेव्हा ध्यानात आले की ब्लाऊजची बाही चढवताना उजवा हात उचलला की तिचा चेहरा आक्रसतो आणि श्वास अडखळतो. खांदा आखडला होता, आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द उरले नव्हते. बोलू न शकणाऱ्या अशा पेशंटच्या वेदना श्वास, कण्हणे, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टींवरून मोजण्याची साधी मापनपट्टी 2003 पासून उपलब्ध आहे आणि ती कोणत्याही केअरटेकरला शिकवता येते. पुढून उघडणारा गाऊन आणला, कपडे घालताना दुखरा हात आधी आणि काढताना शेवटी असा क्रम ठेवला, पाणी घेताना खांद्यावर पंचा टाकला, आणि चिमटे थांबले.

ज्या रात्री ते थेंब द्यायचे ठरले होते, त्याच्या आदल्या दिवसापासून आत्या अचानक असंबद्ध बडबडत होती आणि भिंतीवर माणसे दिसतात असे म्हणत होती. डिमेन्शिया एक-दोन दिवसांत असा उसळत नाही. अचानक बदल दिसला की जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाण्याची कमतरता किंवा नवे औषध यांचा संशय प्रथम घ्यायचा असतो. आत्याला लघवीचा संसर्ग निघाला. थेंब दिले असते तर ती गाढ झोपली असती आणि संसर्ग तसाच वाढत राहिला असता.

हे थेंब बहुतेक वेळा हॅलोपेरिडॉलचे, म्हणजे मनोविकारावरच्या औषधाचे असतात. या गटातल्या नव्या औषधांच्या 17 चाचण्यांचा आढावा घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्ये इशारा दिला की सुमारे दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्या डिमेन्शियाच्या वृद्धांपैकी 4.5 टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी 2.6 टक्के दगावले. 2008 मध्ये तोच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला. लेवी बॉडी प्रकारच्या, म्हणजे मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गुठळ्या साचून होणाऱ्या डिमेन्शियात तर याने शरीर ताठरते आणि जिवावर बेतू शकते. पेशंटपासून त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका असेल तेव्हा डॉक्टर हे औषध अल्प मात्रेत आणि थोड्या मुदतीसाठी देतात, हे खरे आहे. परंतु पिठल्यात गुपचूप थेंब कालवण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. बांधून ठेवल्याने बेडसोर होतात आणि सुटायच्या धडपडीत माणूस पडून हाड मोडून घेतो.

राहता राहिला प्रशिक्षण निरुपयोगी असल्याचा आरोप. 2006 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंडन, न्यूकॅसल आणि ऑक्सफर्ड भागांतली, डिमेन्शियाचे रुग्ण कायम राहतात अशी 12 शुश्रूषागृहे होती. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना दहा महिने प्रशिक्षण आणि सोबत राहून मार्गदर्शन मिळाले, उरलेल्या ठिकाणी नेहमीची पद्धत चालू राहिली. वर्षअखेरीस प्रशिक्षण झालेल्या शुश्रूषागृहांत मनोविकारावरची औषधे घेणारे रुग्ण 23 टक्के, तर इतरत्र 42.1 टक्के होते. आणि औषधे कमी होऊनही रुग्णांची आक्रमकता किंवा अस्वस्थता वाढली नाही. माणसे शिकवल्याने औषध कमी लागते, याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करते. एका दिवसात चित्रफिती दाखवून दुपारच्या जेवणानंतर प्रमाणपत्र देणारे वर्ग निघाले आहेत आणि त्यांची फी वाया जाते. वर सांगितलेले प्रशिक्षण दहा महिने चालले होते, तेही प्रत्यक्ष रुग्णांजवळ. म्हणून ब्युरोकडून माणूस घेताना प्रमाणपत्राबरोबर हेही विचारावे की अंघोळ, भरवणे, वेदना ओळखणे आणि अचानक बदल ओळखणे हे त्यांना कोणी पेशंटजवळ उभे राहून शिकवले का, आणि अडचण आली तर त्यांनी रात्री कोणाला फोन करायचा.

ज्यांच्या घरी असे थेंब आधीपासून सुरू आहेत, त्यांनी हे वाचून ते एकदम बंद करू नयेत. बाटली आणि रोजची मात्रा लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ते कशासाठी, किती दिवस द्यायचे, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.